एकशे तीस किलोमीटरला आठ दिवस : सोलापूरहून लोफोटेनची आखणी

नॉर्वेतल्या लोफोटेन बेटांवर स्वोल्वेर ते ओ या दोन गावांमधलं अंतर साधारण १३० किलोमीटर. आपल्या सोलापूर-लातूरएवढंच म्हणा. एवढ्या रस्त्यासाठी मी आठ दिवस ठेवलेत म्हटल्यावर आमचे भावजी म्हणाले, "वहिनी, बैलगाडीनं जायचंय काय?" आठ दिवसांनी तेच म्हणत होते, अजून दोन दिवस पाहिजे होते म्हणून.

मी सोलापुरात टॅक्सची कामं करते, सात रस्त्याजवळ ऑफिस आहे. आमच्या ह्यांचं यंत्रमागाच्या सुट्या भागांचं दुकान. सोबत नणंद, म्हणजे आमच्या वन्सं, आणि भावजी. चौघंही पंचेचाळिशीच्या पुढचे, चौघंही शाकाहारी, आणि डोंगर चढायची सवय एकालाही नाही. अशा चौघांना जमलं ते कसं जमलं आणि कुठं फसलं, तेवढं सांगते. ट्रेकिंगवाल्या पोरांसाठी हे नाही, त्यांचं त्यांना कळतं.

लोफोटेन म्हणजे नॉर्वेच्या वरच्या टोकाकडची बेटांची माळ, आर्क्टिक वृत्ताच्याही वर, ६८ अंश अक्षांशाच्या आसपास. समुद्रातून सरळ वर आलेले काळे डोंगर, त्यांच्या पायथ्याशी लाल लाकडी घरं आणि बेटाला बेट जोडत जाणारा एकच मुख्य रस्ता, ई-१०. मधे पूल आहेत, एका ठिकाणी समुद्राखालून जाणारा पावणेदोन किलोमीटरचा बोगदा आहे. २००७ पासून मुख्य भूमीवरून होडी न घेता थेट गाडीनं येता येतं. रस्ता जिथं संपतो त्या गावाचं नाव एका अक्षराचं : ओ. नॉर्वेजियन मुळाक्षरांतलं हे शेवटचं अक्षर. म्हणजे 'ज्ञ' नावाच्या गावात जाऊन रस्ता संपावा तसं.

कधी जायचं

माझ्या कामात ३१ जुलै ही तारीख लग्नाच्या मुहूर्तासारखी असते. त्यामुळं जुलै बाद. आम्ही जूनचा दुसरा-तिसरा आठवडा धरला आणि तो बरा निघाला. तिथं २८ मे ते १४ जुलै सूर्य मावळतच नाही. याचा उपयोग फोटोपेक्षा आखणीला जास्त. अंधाराच्या आत खाली उतरायचं ही चिंताच राहत नाही. सकाळभर पाऊस पडला तर रात्री नऊला डोंगर चढायला निघता येतं. दुपारी भरलेले पार्किंग तेव्हा रिकामे असतात.

तोटा असा की जूनच्या सुरुवातीला उंचावरच्या वाटांवर बर्फ शिल्लक असू शकतो. म्हणून पहिला आठवडा टाळा. जुलै-ऑगस्टमध्ये वाटा कोरड्या मिळतात, पण गर्दी आणि भाडी दोन्ही चढलेली असतात. थंडीचं विचाराल तर समुद्रातला उबदार प्रवाह तिथवर पोचतो, म्हणून एवढ्या उत्तरेला असूनही बंदरं गोठत नाहीत. जूनमध्ये आम्हाला दहा-बारा अंश मिळाले. सोलापुरात त्रेचाळीस सोडून आलेल्या माणसाला दहा अंश म्हणजे काय, ते विमानतळाच्या दारातच कळतं. वन्संनी बॅग तिथंच फरशीवर उघडली.

व्हिसा : इथं माझं ऐका

नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नाही, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात आहे. म्हणजे शेंगेन व्हिसा चालतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निकालाला साधारण पंधरा दिवस धरतात, उन्हाळ्याच्या गर्दीत जास्तही लागतात. आम्ही मार्चमध्येच सिद्धेश्वर एक्सप्रेसनं मुंबईला जाऊन बोटांचे ठसे देऊन आलो. मोठ्या माणसाची फी ९० युरो. प्रवास विम्याचं कवच किमान ३० हजार युरोचं लागतं.

आता धंद्यातली गोष्ट. अर्जाच्या आधी पंधरा दिवस भावाकडून, मित्राकडून पाच लाख घेऊन खात्यात टाकायचे आणि स्टेटमेंट काढायचं, हा प्रकार करू नका. माझ्याकडं दरवर्षी दोघं-तिघं असं करून येतात. कागद बघणाऱ्याला ती उडी पहिल्या नजरेत दिसते. त्यापेक्षा तीन वर्षांची रिटर्न्स, चालू खात्याची नेहमीची उलाढाल, दुकानाचं जीएसटी प्रमाणपत्र, आणि पैसे कुठून कुठं खर्च होणार याचा एक पानी हिशेब द्या. मुदत ठेव मोडली असेल तर मोडल्याची पावती जोडा. दुकानाच्या खात्यातून घरच्या खात्यात पैसे घेतले असतील तर दोन्ही खात्यांची स्टेटमेंटं लावा. खात्यात रक्कम मोठी दिसण्यापेक्षा ती कुठून आली हे सरळ दिसणं महत्त्वाचं. राहण्याचं बुकिंग रद्द करता येणारं ठेवा. व्हिसा हातात येईपर्यंत विमानाचं पैसे परत न मिळणारं तिकीट काढायचं की नाही हा ज्याच्या त्याच्या काळजाचा प्रश्न. मी काढलं नाही.

व्हिसा आला की आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढा. फी हजार रुपये, मुदत एक वर्ष. गाडी भाड्यानं देणारे तो आणि मूळ परवाना दोन्ही बघतात. घरात गाडी चालवणारे जितके आहेत तितक्यांचा काढा. का, ते पुढं येईल.

गाडी आणि आमची फजिती

मुंबईहून आखातमार्गे ओस्लो, तिथं एक रात्र, मग देशांतर्गत विमानानं एवेनेस विमानतळ. एवेनेस ते स्वोल्वेर गाडीनं १६५ किलोमीटर, तीन तास धरा. जवळचे छोटे विमानतळ आहेत, पण तिथं विमानंही छोटी आणि गाड्याही मोजक्या.

गाडीचं बुकिंग माझ्या नावावर होतं, कारण चालवणार मी. काउंटरवरच्या मुलीनं अनामतीसाठी क्रेडिट कार्ड मागितलं. ह्यांनी ऐटीत आपलं काढून दिलं. तिनं नाव वाचलं आणि परत केलं. ज्याच्या नावावर बुकिंग त्याचंच कार्ड पाहिजे, डेबिट चालणार नाही. दहा वर्षं मी लोकांना सांगते, कागद वाचल्याशिवाय सही करू नका, आणि स्वतः ती ओळ वाचली नव्हती. भावजींकडं परवानाही होता आणि त्यांच्या नावाचं कार्डही, म्हणून निभावलं. मुख्य चालक भावजी झाले, मी दुसरी, आणि दुसऱ्या चालकाचे रोजचे वेगळे पैसे आठही दिवस भरले. गाडी भावजींनी एकदाही चालवली नाही हा भाग वेगळा.

तर बुकिंग, परवाना, कार्ड तिन्हीवर एकच नाव हवं. गाडी ऑटोमॅटिकच घ्या, थोडी महाग पडली तरी. तिथं रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालायचं असतं, त्यात उजव्या हातानं गिअर टाकायची नवी कसरत कशाला. विमा पूर्ण संरक्षणाचा घ्या. ताब्यात घेताना चारी बाजूंनी व्हिडिओ काढा, चाकांच्या रिंगांसकट.

पहिल्या दिवशी मी प्रत्येक वळणावर इंडिकेटरऐवजी वायपर लावला. दांडे उलट्या बाजूला असतात. मग आम्ही कामं वाटून घेतली. शेजारी बसणाऱ्यानं नकाशा, फोन, फोटो काही बघायचं नाही. त्याचं काम एकच, पेट्रोल पंपातून किंवा पार्किंगमधून बाहेर पडताना "उजवं" म्हणायचं. वन्संनी हे काम असं धरलं की परत आल्यावर होटगी रोडवर रिक्षावाल्यालाही त्या "उजवं, उजवं" म्हणाल्या. चूक मोठ्या रस्त्यावर होत नाही. रस्ता रिकामा असतो आणि आपण नुकतेच वळलेले असतो, तिथं होते.

नियम थोडे पण कडक. दिवे दिवसाही चालू. गावात ५०, बाहेर ८०, आणि कॅमेरे आहेत. दंड इतका की आपल्या मेळ्यातला पाकीटमार परवडला म्हणावं. गोल चौकात आधी आत असलेल्याला वाट द्यायची. इतरत्र उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, अपवाद आपण पिवळ्या चौकोनी पाटीच्या रस्त्यावर असलो तर. आतल्या अरुंद रस्त्यांवर 'एम' लिहिलेली निळी पाटी दिसते. ती समोरच्याला वाट द्यायची जागा आहे, फोटोसाठी थांबायची नव्हे. मागं गाडी लागली तर तिथं बाजूला होऊन तिला पुढं सोडा. दूधवाला, शाळेची बस, कोळी, सगळ्यांचा हा एकच रस्ता. हामनोय गावच्या पुलावर लोक कॅमेरा घेऊन उभे असतात. तुम्ही गाडी अलीकडं लावून चालत जा.

मुक्काम दोनच

रोज नवीन हॉटेल करू नका. रोज सकाळी चौघांच्या बॅगा भरायच्या, दहाला खोली सोडायची, चारपर्यंत पुढची मिळत नाही, मधले सहा तास पावसात गाडीत. आम्ही तीन रात्री स्वोल्वेरजवळ काबेलवोगला राहिलो आणि चार हामनोयला, राइने गावाच्या अलीकडं. आठवी परतीच्या वाटेवर. या दोन ठिकाणांहून सगळं लोफोटेन तासा-दीड तासात येतं.

राहायला 'रोर्बू' घ्या. पूर्वी हिवाळ्यात कॉड मासेमारीला आलेल्या कोळ्यांसाठी पाण्यात खांब रोवून बांधलेल्या या लाल खोल्या, आता त्यांत हीटर आणि स्वयंपाकघर असतं. चौघांत दोन खोल्यांची रोर्बू हॉटेलपेक्षा स्वस्त पडते. मुख्य म्हणजे कुकर लावता येतो. बुकिंग जानेवारीतच करा. आम्ही फेब्रुवारीत केलं तर राइनेत जागा नव्हती.

आणि सोलापुरी चादर न्या. थंडीसाठी नाही, गाद्या-रजया तिथं उत्तम असतात. रात्री दीड वाजता खिडकीतून आपल्या सकाळी सातसारखा उजेड येतो आणि पडदे पातळ. आम्ही खिडकीच्या चौकटीवर चादर चिमट्यांनी टांगली. चिमटेही घरूनच न्या, कपडे वाळवायचे. तेवढा अंधार दुसऱ्या कशानं होत नाही.

वेळापत्रक फाडलं ती गोष्ट

मी एक्सेलमध्ये तासातासाचं वेळापत्रक केलं होतं. रंग देऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा ते एक : मान्नेन डोंगर. सकाळी बघते तर डोंगर अर्ध्यातून कापल्यासारखा, वरचं सगळं ढगात. पण शीटवर लिहिलंय म्हणून गेलो. मान्नेन ४०० मीटरचाच आहे, हाउकलान्डच्या पुळणीवरून सुरुवात होते, पण पहिलाच चढ अंगावर येणारा. वर पोचलो तर समोर पांढरी भिंत. हे म्हणाले, "एवढं तर मी डोळे मिटून घरीच बघितलं असतं." उतरताना ओल्या गवतावरून दोनदा घसरगुंडी. तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं आणि शीट म्हणत होतं : संग्रहालय.

त्या संध्याकाळी मी कागदाच्या मागच्या बाजूला तीन रकाने आखले. ऊन, ढग, पाऊस. तारखा नाहीत, वेळा नाहीत. बघायची प्रत्येक गोष्ट तिन्हींपैकी एका रकान्यात टाकायची. रोज रात्री आणि सकाळी 'यर' या नॉर्वेच्या हवामान ॲपवर बघायचं आणि ज्या रकान्याचा दिवस असेल त्यातून एक उचलायचं. सगळ्या आखणीचं सार मला विचाराल तर हेच पान आहे. म्हणून ते उतरवून देते.

उन्हाच्या रकान्यात फक्त अशा जागा, जिथं जाण्याचं कारणच वरून दिसणारं दृश्य आहे : राइनेब्रिंगेन, रूटेन आणि मान्नेन हे डोंगर. ऊन वाया घालवायचं नाही. ऊन पडलं की जेवण, कपडे, झोप सगळं मागं. ढगाच्या रकान्यात खालच्या वाटा : क्वालविकाची पुळण, जिथं एक खिंड ओलांडून पोचतात. हाउकलान्ड ते उताक्लैव ही समुद्राला धरून जाणारी जवळजवळ सपाट वाट, गुडघेदुखीवाल्यांसाठी देवाची देणगी, वन्सं ती दोनदा चालल्या. ढग उंच असतील तर स्वोल्वेरजवळचा ३६७ मीटरचा ट्येल्डबर्गटिंड. पावसाच्या रकान्यात बोर्गचं वायकिंग संग्रहालय, जिथं ८३ मीटर लांबीच्या सरदारवाड्याचे अवशेष सापडले आणि तसाच वाडा पुन्हा बांधलाय. शिवाय नुसफ्योर्डचं जुनं कोळीगाव, ओ गावातलं सुक्या माशांचं संग्रहालय, हेनिंग्सवेरच्या गल्ल्या आणि कपडे धुणं.

ॲपवर पावसाच्या चित्रापेक्षा वाऱ्याचा आकडा बघा. कड्याच्या धारेवर पाऊस सोसतो, वारा सोसत नाही. आणि गाव बदलून बघा. हामनोयला झोडपत असताना चाळीस किलोमीटरवर उघडीप असते, कारण डोंगर ढग अडवतात. शेवटची परीक्षा फुकटची आहे. पायथ्याशी गाडी थांबवून वर बघायचं. माथा दिसत नसेल तर माथ्यावरून खालचंही दिसणार नाही.

मध्यरात्रीचा सूर्य बघायचा तर बेटांच्या उत्तरेकडच्या किनाऱ्यावर जावं लागतं, कारण त्या वेळी सूर्य उत्तरेला असतो. उताक्लैव, उनस्टाड, एगुम या जागा त्यासाठी. राइनेतून तो दिसत नाही, मधे डोंगर येतात. हे ठाऊक नसलेली मंडळी राइनेच्या धक्क्यावर बारापर्यंत कुडकुडत उभी असलेली आम्ही बघितली.

राइनेब्रिंगेन

राइने गावाच्या डोक्यावरचा हा डोंगर, उंची ४४८ मीटर. पूर्वी इथली वाट इतकी झिजली होती की वरच्याच्या पायाखालचा दगड सुटून खालच्याच्या डोक्यावर यायचा. मग नेपाळहून शेर्पा बोलावले आणि त्यांनी दगडी पायऱ्या बांधल्या, जवळपास दोन हजार. नॉर्वेत डोंगर काय कमी, पण दगड डोंगरावर कसा बसवायचा याचं हातातलं कसब त्यांनी हिमालयातून मागवलं, याचं मला फार कौतुक वाटलं. पायऱ्या तुळजापूरच्या देवळासारख्या एकसारख्या नाहीत. एक वीतभर, पुढची गुडघ्याएवढी. दगडावर दगड असा बसवलाय की फटीत नखही जाऊ नये.

आम्ही रात्री साडेआठला निघालो. पार्किंग गावात पैसे भरून. तिथून बोगद्यात शिरायचं नाही, बाहेरून जुन्या रस्त्यानं चालत पायऱ्यांच्या सुरुवातीला यायचं. वन्सं खालीच थांबल्या, थर्मास घेऊन. माझा हिशेब दोनशे पायऱ्या, मग पन्नास श्वास. श्वास मोजायचे, मिनिटं नाही. मिनिटं मोजली की घाई होते. सहाशेच्या पुढं भावजींनी बोलणं बंद केलं. हजारनंतर हे पायरीवर बसले, बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा सोडली. त्यांना थांबायला कारण पाहिजे होतं. मी पण माझी नाडी सोडली. वरून एक सत्तरीची बाई उतरत होती, हातात काठी नाही, आमच्याकडं बघून हसली आणि तिनं बोटानं वर दाखवलं. किती उरलं ते तिनं सांगितलं नाही, बरं केलं.

वर पोचायला दोन तास लागले. पायऱ्या संपतात आणि एकदम जमीनच संपते. पलीकडं सरळ कडा. गाव सावलीत गेलं होतं, समोरच्या सुळक्यांवर मात्र रात्री साडेदहाचं पिवळं ऊन. खाली पूल, घरं, होड्या, आणि एका घराच्या अंगणात वाळत घातलेली पांढरी चादर मला एवढ्या उंचीवरून दिसली. धारेवरून पुढं सरकून फोटो काढणारी पोरं होती. तुम्ही शेवटच्या पायरीपाशीच बसा, दृश्य तेच आहे. उतरताना पायरी सोडून कडेच्या मातीतून जाऊ नका, दगड सुटतात आणि खाली माणसं असतात. पायऱ्या ओल्या असतील तर त्या दिवशी जाऊच नका.

तयारी सपाट सोलापुरात कशी करायची, हा प्रश्न मला पडला होता. आमच्या ऑफिसची इमारत चार मजली, साधारण बारा मीटर. ४४८ भागिले बारा म्हणजे सदतीस वेळा. मार्चपासून रोज पहाटे पाच वेळा, मग आठ, मग बारा. वॉचमननं आठवडाभर बघून विचारलं, "मॅडम, काही हरवलंय काय?" मुलगा पुण्याला असतो, म्हणून दोनदा सिंहगड केला. चढण्यानं दम वाढतो, पण गुडघे जातात ते उतरण्यानं, म्हणून जिना उतरतानाही लिफ्ट घ्यायची नाही. हा सराव केला नाही तो माणूस बाराशेव्या पायरीवर नाडी सोडत बसला होता.

बूट घोट्यापर्यंतचे, आणि इथंच महिनाभर घालून मोडून काढलेले. रूटेनची वाट दलदलीची आहे. वर गवत दिसतं, पाय ठेवला की आपल्या काळ्या रानात पावसाळ्यात चप्पल रुतते तसा आवाज येतो. पायमोज्यांची जादा जोडी प्लास्टिकच्या पिशवीत. सुती कपडे डोंगरावर नकोत, भिजले की वाळत नाहीत. छत्री विसरा, पहिल्या वाऱ्यात उलटते. रेनकोट आणि पावसाळी पँट.

रूटेन ५४३ मीटर, जाऊन-येऊन चार-पाच तास. पार्किंग एका शेतकऱ्याच्या जागेत, पैसे भरून. पहिल्यांदा गेलो तेव्हा वरच्या धारेच्या अलीकडं वारा असा सुटला की मला उभं राहण्यासाठी गुडघे वाकवावे लागले. मग धुकं आलं. माथा अर्ध्या तासावर होता. नॉर्वेत डोंगरावर जाणाऱ्यांसाठी नऊ नियम आहेत, शाळेत पोरांना शिकवतात. आठवा नियम असा की वेळेवर मागं फिरा, मागं फिरण्यात लाज नाही. आम्ही फिरलो. कागदावर रूटेन उन्हाच्या रकान्यात तसंच राहिलं आणि सातव्या दिवशी संध्याकाळी आकाश उघडलं तेव्हा पुन्हा गेलो. तासातासाचं शीट असतं तर ती संध्याकाळ 'बॅगा भरणे' या कामाची होती. म्हणून आठपैकी दोन दिवस कोरे ठेवा, त्यांवर काहीच लिहू नका.

जाण्याआधी कुठल्या वाटेनं जाताय, कधी परत येणार ते मागं राहणाऱ्याला सांगा. रुग्णवाहिका ११३, पोलीस ११२, आग ११०. डोंगरावर रुग्णवाहिका येत नाही, हेलिकॉप्टर येतं, आणि तेही ढगात येत नाही.

खाणं

तिथं हॉटेलात रोज जेवायचं तर व्हिसासाठी दाखवलेले पैसे खरोखरच लागतील. आम्ही गेलो तेव्हा एक क्रोन, म्हणजे तिथलं चलन, आठ रुपयांच्या आसपास होता. साधी कॉफी पन्नास क्रोनच्या घरात. आणि शाकाहारी माणसाला मेनूत दोनच गोष्टी.

आपण सोलापूरचे, आपल्याकडं यावर उपाय पिढ्यान्‌पिढ्या आहे. कडक भाकरी. ज्वारीची, बाजरीची, पापडासारखी वाळवलेली, महिनाभर काही होत नाही, वजनाला हलकी, डोंगरावर खिशातून काढून खाता येते. सोबत शेंगाचटणी. फक्त भाकरी कापडी पिशवीत ठेवून ती स्टीलच्या डब्यात घाला, नाहीतर ओस्लोला पोचेपर्यंत चुरा होतो. आमच्या एका डब्याचा झाला, तो दह्यात कालवून खाल्ला. मांस आणि दुधाचे पदार्थ भारतातून नेता येत नाहीत, म्हणून तूप, पेढे, खवा घरीच. दही, दूध, लोणी तिथं उत्तम मिळतं. तांदूळ, मसूर, बटाटे, कांदे दुकानात आहेत. रविवारी मोठी दुकानं बंद असतात, शनिवारीच भरून ठेवा. पाण्याची बाटली विकत घेऊ नका, नळाचं पाणी आपल्या फिल्टरपेक्षा चांगलं. इथं रोज आठवण काढली मी, सोलापुरात आमच्या गल्लीला पाणी चौथ्या-पाचव्या दिवशी येतं.

शीतपेयाच्या बाटलीवर दोन-तीन क्रोन जादा घेतात आणि रिकामी बाटली दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की चिठ्ठी मिळते, ती बिलातून वजा. ह्यांना हे फार आवडलं. शेवटी शेवटी ते पार्किंगमधल्या दुसऱ्यांच्या बाटल्याही उचलू लागले.

वासाचं आधीच सांगते. हिवाळ्यात पकडलेला कॉड लाकडी मांडवांवर मीठ न लावता नुसता टांगून वाळवतात आणि जूनमध्ये उतरवतात. आम्ही गेलो तेव्हा काही मांडव अजून भरलेले होते. मासे इटलीला जातात, डोकी नायजेरियाला. वन्संनी पहिले दोन दिवस पदर नाकाला लावला. तिसऱ्या दिवसापासून मांडवाच्या सावलीत बसून भाकरी खाल्ली.

परतीचा दिवस

ओ ते एवेनेस जवळपास तीनशे किलोमीटर, पण रस्ता दोनपदरी आणि पुढं एखादी कॅम्परगाडी असतेच. सहा तास धरा आणि विमानाच्या आदल्या रात्रीच अर्ध्या वाटेवर येऊन झोपा. टाकी भरून, भरल्याची पावती जपून गाडी द्या. पुन्हा व्हिडिओ. टोलचे कॅमेरे असतील तिथलं बिल नंतर कार्डावर येतं, दचकू नका. बुटांचा चिखल तिथंच धुवा. आमचा राहिला तो बॅगेत वाळला आणि कपड्यांत सांडला.

सोलापूर स्टेशनात उतरलो तेव्हा सकाळी सातलाच उकडत होतं आणि रात्री नऊला अंधार पडतो याचंच दोन दिवस नवल वाटलं. गाडीची अनामत बाराव्या दिवशी भावजींच्या कार्डावर परत आली. तोवर माझ्या टेबलावर ३१ जुलैच्या फायली खुर्चीच्या उंचीला आल्या होत्या, आणि त्यांच्या वर ते तीन रकान्यांचं पान, घडी पडलेलं, एका कोपऱ्यावर शेंगाचटणीचा डाग. पावसाच्या रकान्यात दोन गोष्टी खोडायच्या राहिल्यात.